सुन्न हात

कराटेच्या पहिल्या वर्गातून नात घरी आली ती उजवा हात डाव्या हातात धरूनच. आमच्या नेपिअर टाऊनमधल्या एका सभागृहात हा वर्ग भरतो. तिथं दोर गुंडाळलेली एक फळी उभी केलेली आहे. तिच्यावर जुन्या मुलांनीच मूठ मारायची, नव्यांनी नुसतं बघायचं, असा नियम. नियम मोडल्याचं तिनं तोंडानं सांगितलं नाही, हातानं सांगितलं. बोटांची पेरं टम्म फुगली होती. "आबा, हात सुन्न झालाय," म्हणाली. रुमालात बर्फ गुंडाळून होतो न होतो तोच दुसरी बातमी : "आणि सर म्हणाले, कराटे आपलाच शब्द आहे. कर माने हाथ!"

सरांचा मला राग आला नाही. जबलपुरात राहणाऱ्याला असल्या व्युत्पत्तींची सवय असते. गावाच्या नावाचंच घ्या. एक पक्ष म्हणतो, जाबालि ऋषींवरून जबलपूर. दुसरा म्हणतो, अरबीत जबल म्हणजे डोंगर, आणि मदनमहालाच्या बाजूला तर शिळांच्या राशीच राशी, मग आणखी पुरावा कशाला? कलचुरींच्या काळात या भागाला जाउलीपत्तला म्हणत, हे नाव मात्र कुणाला ऐकायचं नसतं. कारण ते कानाला काही सांगत नाही. कान फार घाईचा न्यायाधीश आहे. आवाज जुळला की निकाल देऊन मोकळा.

त्यात आम्ही इथले मराठी लोक दोन भाषांत राहतो. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथं १८१७ च्या डिसेंबरापर्यंत होता. त्या वेळची काही घरं, मग वकिली, रेल्वे आणि १९०४ साली निघालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या पाठोपाठ आलेली काही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. त्यामुळे 'कर माने हाथ' हे वाक्य नातीच्या डोक्यात दोन्ही दारांनी शिरलं होतं आणि बाहेर काढणं अवघड होतं.

पण काढावं लागलं. कारण हात त्या शब्दात आहे खरा, पण पुढच्या अर्ध्यात नाही, मागच्या अर्ध्यात आहे. जपानी भाषेत 'ते' म्हणजे हात. हा 'ते' इंग्रजीच्या मार्गानं आपल्याकडे आला आणि इंग्रजीला आपल्यासारखा दंत्य त नाही, म्हणून त्याचा 'टे' झाला. थेट आला असता तर आपण 'कराते' म्हटलं असतं. मराठीला ते मुळीच जड नव्हतं. फक्त आमच्या जबलपुरात पंचाईत झाली असती. सरांना फलकावर लिहावं लागलं असतं, 'हम कराते कराते हैं'.

आता पहिला अर्धा, 'करा'. त्याचा अर्थ रिकामा. कराटे म्हणजे रिकामा हात, निःशस्त्र हात. एवढं बहुतेक वर्गांत पहिल्या दिवशी सांगतात. पण मला हे सांगताना नातीच्या हातावरच्या बर्फाकडे लक्ष गेलं आणि मी थांबलो. हिनं घरात पाऊल टाकताक्षणी त्या जपानी शब्दाचं भाषांतर करून ठेवलं होतं. सुन्न हात! सुन्न हा शून्याचाच मुलगा. संस्कृतातला शून्य प्राकृतात सुण्ण झाला, त्यातून आपल्याला 'सुन्न' मिळालं आणि 'सुनं'ही मिळालं. लेक सासरी गेल्यावर घर सुनं होतं, मार बसल्यावर हात सुन्न होतो. एकात माणूस नसतं, दुसऱ्यात जाणीव नसते. शून्याच्या मागेही आणखी एक पायरी आहे. 'श्वि' धातू, अर्थ सुजणं, फुगणं. त्यावरून 'शून' म्हणजे सुजलेलं; बाहेरून फुगलेलं आणि आतून पोकळ, असा अर्थाचा प्रवास शून्यापर्यंत होतो. पोरीचा हात सुजलेलाही होता आणि सुन्नही. व्युत्पत्तिकोशाचा अख्खा रकाना तिच्या पेरांवर उमटला होता.

इथवर सगळं सोपं. गंमत पुढे आहे. तो 'रिकामा' त्या शब्दात मुळात नव्हताच.

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाची बेटं आहेत. तिथं पूर्वी र्युक्यू हे स्वतंत्र राज्य होतं. चीनशी व्यापार, चीनला नजराणे. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी स्वारी करून ते अंकित केलं, तरी चीनशी ये-जा चालूच राहिली. तिथले लोक आपल्या मारामारीच्या विद्येला नुसतं 'ती' म्हणत, म्हणजे हात. शुरी गावचा तो शुरी-ते, नाहा गावचा नाहा-ते, तोमारीचा तोमारी-ते; आपल्या गाण्यातली ग्वाल्हेर, जयपूर, किराणा तशीच ही गावांची नावं. या 'ते'चं भाषांतर 'हात' असं करू नये असं माझं मत आहे. जपानीत हाताच्या शब्दाला कसबाचाही अर्थ आहे आणि मराठीनं तेच केलं आहे. आपण 'हातोटी' म्हणतो, 'हातखंडा' म्हणतो, पेटी शिकणाऱ्याचा 'हात बसला' म्हणतो. शुरीची हातोटी, नाहाची हातोटी. असं म्हटलं की तो शब्द एकदम घरचा वाटू लागतो.

या हातोटीत चिनी भर बरीच पडली होती. म्हणून तिला 'तोदे' असंही म्हणत आणि लिहीत. 'तो' म्हणजे चीनचं तांग राजघराणं. आपण चिंचेला 'विलायती' जोडतो, मातीला 'चिनी' जोडतो, तसं हे हाताला जोडलेलं तांग. हेच तांगचं अक्षर जपानी लोक 'करा' असंही वाचतात. म्हणजे 'करा-ते' हा उच्चार होता, पण लिहिलेला अर्थ होता 'चिनी हात'. एका भाषेत एकच आवाज आणि दोन अक्षरं, एकाचा अर्थ चिनी, दुसऱ्याचा रिकामा. अक्षर बदललं की बाप बदलतो, अशी सोय फार थोड्या भाषांना आहे.

ही सोय वापरणारा माणूस शाळामास्तर होता. गिचिन फुनाकोशी, जन्म १८६८, शुरी. घराणं कनिष्ठ दर्जाच्या मानकऱ्यांचं. तरुणपणी त्याला वैद्यकीच्या शाळेत जायचं होतं, पण नव्या सरकारनं पुरुषांची शेंडी कापायचा हुकूम काढलेला आणि घरचे लोक शेंडीसाठी अडून बसलेले. वैद्यकी गेली. पुढे मास्तरकी पत्करली तेव्हा शेंडी कापावी लागलीच. शेंडीपायी एक धंदा गेला आणि शेंडी गेली तेव्हा दुसरा मिळाला, ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही सुधारककालीन आत्मचरित्रात खपून जाईल. दिवसा शाळा आणि रात्री अझातो व इतोसु या दोन गुरूंकडे सराव, असं वर्षानुवर्षं चाललं. १९२२ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, तोक्योतल्या एका सरकारी क्रीडा प्रदर्शनात ही विद्या दाखवायला तो गेला आणि तिथलाच झाला. ज्यूदो काढणाऱ्या जिगोरो कानोनं त्याला आपल्या कोदोकानमध्ये बोलावून प्रात्यक्षिक करायला लावलं. त्याच वर्षी फुनाकोशीचं पहिलं पुस्तक निघालं. त्यात कराटे हा शब्द 'चिनी हात' असाच छापलेला आहे.

'रिकामा हात' असं लिहिण्याची कल्पना काही त्याची एकट्याची नव्हती. ओकिनावातल्याच चोमो हानाशिरो या शिक्षकानं १९०५ मध्येच तसं लिहिलं होतं. पण तोक्योत बसून ती रेटली फुनाकोशीनं. १९३५ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या नावात रिकाम्याचं अक्षर आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९३६ ला, नाहा शहरात एका वृत्तपत्रानं जाणत्यांची बैठक बोलावली आणि तिथं हेच नाव पक्कं ठरलं. आज ओकिनावात ती तारीख कराटेदिन म्हणून पाळतात. शब्दाच्या एका अक्षरासाठी सभा भरवणारे आपणच एकटे नाही, हे वाचून बरं वाटलं.

या बदलाचं उघड कारण राजकीय होतं. १९३० च्या दशकातल्या जपानात चीनचं नाव मिरवणारी विद्या विद्यापीठांत आणि सैन्यात कोण शिकणार होतं? हे कारण झाकण्यात अर्थ नाही. फुनाकोशीनं मात्र वर आणखी एक कारण दिलं आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. त्यानं रिकामेपणाचा अर्थ शस्त्र नसण्यापुरता ठेवला नाही. रूप आणि शून्य वेगळी नाहीत असं सांगणारं प्रज्ञापारमिताहृदयसूत्र त्यानं आधाराला घेतलं. मन आरशासारखं मोकळं हवं, दरीसारखं हवं, मी-माझं तिथून निघून गेलेलं हवं. त्या अर्थानं हात रिकामा.

आणि इथंच शब्दानं त्याला चकवलं, किंवा त्याचं ऋण फेडून घेतलं म्हणा. चीन पुसून टाकायला त्यानं जे अक्षर निवडलं, ते चीननंच दिलेलं. कुमारजीव, ह्युएनत्संग यांच्यासारख्या भाषांतरकारांच्या परंपरेत बौद्ध ग्रंथ चिनीत उतरले तेव्हा 'शून्य' या शब्दासाठी चिनीत हेच अक्षर रुळलं. म्हणजे वरचा चिनी थर खरवडला तर खाली पुन्हा चीन, आणि त्याच्याही खाली आपला शून्य. शून्यवाद मांडणाऱ्या नागार्जुनाचा जन्म विदर्भातला, असं तिबेटी परंपरा सांगते. आम्हा जबलपूरच्या मराठी लोकांना विदर्भ म्हणजे नागपूरची गाडी पकडली की आलाच.

त्या चिनी अक्षराचा दुसरा अर्थ आकाश. एकाच अक्षरात आकाश आणि रिकामेपण, हे ऐकून कुणाला नवल वाटलं तर त्यानं आपल्या 'ख'कडे बघावं. ख म्हणजे आकाश. म्हणून पक्षी खग आणि ग्रहताऱ्यांचा विचार खगोल. ख म्हणजेच शून्यही. ज्या राशीला शून्यानं भागलं तिला भास्कराचार्य 'खहर' म्हणतात. फुनाकोशीच्या अक्षराला एकाक्षरी मराठी पर्याय द्यायचा झाला तर तो 'ख' आहे, पण 'खहस्त' म्हटलं तर वर्गात कोण येईल?

रिकाम्या हाताशी आपलं मराठी माणसांचं फारसं जमत नाही, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडे पाहुण्यानं रिकाम्या हातानं येऊ नये. देवाकडे, गुरूकडे, लेकुरवाळीकडे तर नाहीच नाही. निदान फळ तरी न्यावं. काम न झालेला माणूस 'हात हलवत' परत येतो. 'रिकामा' हे विशेषण माणसाला लावलं की शिवी होते, मग 'रिकामटेकडा' म्हणायचीही गरज उरत नाही. सुन्या कपाळाबद्दल तर बोलायलाच नको. शून्य हा शब्द इतका अशुभ वाटला की मराठीनं आकड्यातल्या शून्याला चक्क 'पूज्य' म्हणायला सुरुवात केली. मोल्सवर्थच्या कोशातही पूज्याचा हा अर्थ सापडतो. दिवा विझवत नाहीत, दिव्याला निरोप देतात; बांगडी फुटत नाही, वाढते; निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. त्याच रीतीनं शून्याला पूज्य. मग भाषेचा खोडकरपणा असा की त्या पूज्यालाही खाली ओढलं, आणि 'अक्कल पूज्य' हा वाक्प्रचार तयार झाला. माझ्या लहानपणी गणिताच्या वहीत मिळालेल्या पूज्यांची संख्या मी नातीला सांगितलेली नाही.

पण जरा उलटून बघितलं तर फुनाकोशीनं केलं ते हेच. नकोसा शब्द काढून त्या जागी आदराचा बसवला. आपण शून्य काढून पूज्य आणलं. त्यानं चिनी काढून शून्य आणलं आणि तेच पूज्य मानलं.

या सगळ्यात बोधिधर्माचं नाव का आलं नाही, असा प्रश्न सरांच्या एखाद्या विद्यार्थ्याला पडेल. दक्षिण भारतातला हा भिक्षू चीनच्या शाओलिन मठात गेला, तिथल्या भिक्षूंना त्यानं व्यायाम शिकवले, त्यातून मुष्टियुद्ध निघालं आणि ते ओकिनावाला पोचलं. म्हणून कराटे भारतीय. ही कथा भारतातल्या वर्गांत मोठ्या अभिमानानं सांगतात. तिचा आधार सतराव्या शतकातली एक चिनी व्यायामपोथी आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेली, आणि तिच्या प्रस्तावना बनावट असल्याचं चिनी अभ्यासकांनीच दाखवून दिलं आहे. मला या कथेचं वाईट एवढ्यासाठी वाटतं की ती आपल्याला मुठीचं श्रेय देते आणि खऱ्या देण्यावरून नजर हटवते. ठोसे आपल्याकडून गेले याला पुरावा नाही. शब्द गेले, याला आहे.

दुसरा शब्द तर शून्यापेक्षाही सरळ गेला आहे. कराटे जिथं शिकतात ती जागा म्हणजे दोजो. नातीच्या वर्गात प्रवेश करताना आणि बाहेर पडताना त्या जागेला वाकून नमस्कार करायचा असतो. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला लग्नाच्या खुर्च्या रचलेल्या असल्या तरी. दोजो हा चिनीतून जपानीत आलेला शब्द, आणि तो चिनी शब्द 'बोधिमंड' याचं भाषांतर. बोधिमंड म्हणजे बोधगयेला पिंपळाखालची ती जागा, जिथं सिद्धार्थ बसला आणि बुद्ध होऊन उठला. पुढे साधनेची कुठलीही जागा, मग मठातलं दालन, मग तलवारीचा, ज्यूदोचा, कराटेचा वर्ग.

आता आपला शब्द बघा. आखाडा. मूळ अक्षवाट. अक्ष म्हणजे फासे, वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यांच्या तालमीचं नाव ज्ञानप्राप्तीच्या जागेवरून आलेलं आणि आपल्या आखाड्याचं जुगाराच्या फडावरून! आणि ते नाव आपण फाशांना नव्हे, मातीत घाम गाळणाऱ्या मल्लांना चिकटवलं. गोसाव्यांनीही तेच घेतलं. 'तालीम' मात्र अरबी, अर्थ शिक्षण; तिचा वस्ताद फारसी. मराठी पैलवानाच्या तोंडी हे तिन्ही शब्द नांदतात आणि कुणालाही त्यांच्या जन्मदाखल्याची फिकीर नाही. 'पवित्रा' या शब्दाची तेवढी दैना झाली. दांडपट्टेवाल्याचा पाय कुठं कसा रोवला, हे सांगणारा तो नेमका शब्द. आता वर्तमानपत्रांत विरोधी पक्षांनी घेतलेला तेवढाच पवित्रा उरला आहे. नातीला मी सांगितलं की सर ज्याला जपानी नाव घेऊन गुडघा वाकवून उभं राहायला लावतात, त्याला पवित्रा म्हणायचं. तिनं वर्गात तसं म्हटलं. सर म्हणाले, "पवित्रा? ये कौन लड़की है?"

फुनाकोशीच्या शैलीला आज शोतोकान म्हणतात. भारतात जे कराटे मुलं शिकतात त्यातलं पुष्कळसं तिच्याशी नातं सांगतं. पण हे नाव त्यानं दिलेलं नाही. 'शोतो' ही त्याची टोपणसही. शुरीजवळच्या टेकडीवर पाइनच्या झाडांतून वारा वाहिला की लाटांसारखा आवाज येई, त्या लाटा म्हणजे शोतो. मास्तर कविता आणि सुलेखन या नावानं करत. तोक्योत शिष्यांनी त्याच्यासाठी वर्गाची इमारत बांधली आणि दारावर पाटी लावली 'शोतोकान', शोतोचं सदन. १९४५ च्या बॉम्बवर्षावात इमारत गेली, पाटीवरचं नाव राहिलं. इतर शैलींच्या नावांत 'र्यू' असतं, गोजू-र्यू, शितो-र्यू. र्यू म्हणजे प्रवाह. आपण घरावरून घराणं म्हणतो, ते वाहत्या पाण्यावरून म्हणतात. नर्मदेकाठच्या माणसाला हा फरक मनात घोळवत बसायला आवडतो. घरात वारस लागतो, प्रवाहाला उतार पुरतो.

त्याच्या वीस नियमांत सर्वांत गाजलेला नियम असा की कराटेत पहिला वार आपला नसतो. तिथं त्यानं वारासाठी वापरलेला शब्द आहे 'सेनते', पहिला हात. हा शब्द युद्धाइतकाच पटावरचा. गो नावाच्या सोंगट्यांच्या खेळात डावाचा पुढाकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे सेनते. पुन्हा तोच 'ते'. मराठीत तो नियम 'आधी हात उगारू नये' एवढ्यात येतो. पण उगारणं आणि पुढाकार यांत अंतर आहे. मूठ तर आवरायचीच, शिवाय भांडणाचा पट मांडण्याची पहिली सोंगटीसुद्धा आपण हलवायची नाही, असं काहीसं त्याला म्हणायचं असावं. फळीशी आमच्या घरची सोंगटी आधी हलली होती, हे नातीला पटलं.

त्यानं आणखी एक नाव बदललं, ते मला हल्लीच कळलं. कराटेत ठरलेल्या हालचालींची जी मालिका करतात तिला काता म्हणतात. एका जुन्या, लांबलचक कात्याचं नाव होतं कुशांकु. अठराव्या शतकात ओकिनावाला आलेल्या एका चिनी माणसाचं ते नाव. फुनाकोशीनं त्याचं 'कांकु' केलं. आवाज जवळपास तोच ठेवला, अक्षरं बदलली, आणि अर्थ झाला आकाशदर्शन. इथला 'कु' म्हणजे तेच अक्षर, कराटेतल्या 'करा'चं, शून्याचं, ख-चं. दुसऱ्यांदा त्यानं चिनी पुसून तिथं आकाश लिहिलं. आणि ते शोभलंही, कारण त्या कात्याची सुरुवातच तशी आहे.

नातीला हा काता यायला अजून काही वर्षं आहेत. पहिली हालचाल तेवढी तिनं मोठ्या मुलांचं बघून उचलली आहे. परवा ग्वारीघाटावर गेलो होतो. आरतीला वेळ होता, पायऱ्यांवर गर्दी जमायची होती. ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, दोन्ही पंजे उघडे, एकमेकांवर टेकवलेले, ते हळूहळू कपाळाच्या वर नेले. अंगठे आणि बोटं यांच्या मधे एक तिकोनी खिडकी तयार झाली. तिनं त्यातून वर बघितलं.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि हात खाली घेईना.

सूज उतरली होती.